पाण्याचा रिपोर्ट ‘ओके’ आला, म्हणजे नेमकं काय झालं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच जवळपास ठेवलंय. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार होती, म्हणून आकडे नीट लिहून काढलेत.)

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. आरोग्य प्रयोगशाळा. ब्लड टेस्ट करतो ती लॅब नाही, तर आपण पितो ते पाणी जिथे तपासलं जातं ती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही आणि मायक्रोबायोलॉजिस्टही नाही. पण या लॅबची कामाची पद्धत वाचत गेलो आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे! लॉग बघायचे, बग कुठे शिरला ते शोधायचं, आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक पीडीएफ येते. खाली मेसेज असतो, ‘वॉटर रिपोर्ट ओके’. त्यावर वीस अंगठे पडतात, विषय संपला. तुमच्याकडेही असंच असेल. तर आज एवढंच बघायचं: तो ‘ओके’ कशाबद्दल असतो? कुठल्या पाण्याबद्दल, कधीच्या पाण्याबद्दल, आणि कोणत्या जंतूंबद्दल?

पुणे, जानेवारी २०२५

हा प्रश्न किती खरा आहे ते पुणेकरांना सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात, गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. बातम्यांमध्ये त्याला ‘जीबीएस’ म्हणायचे. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या नसांवर हल्ला करते. सुरुवात बहुतेकदा पायांत मुंग्या येण्यापासून होते, मग पायातलं बळ जातं, आणि काहींना थेट व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही जण दगावले.

नमुने गेले राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या पुण्यातल्याच एनआयव्हीत. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही पोटात जातात ते दूषित पाण्यातून किंवा अन्नातून. मग सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं, सगळीकडचे नमुने घेतले गेले आणि महापालिकेने त्या भागातली काही आरओ केंद्रं बंदही केली.

आता यातली गंमत नाही, गोची बघा. कॅम्पिलोबॅक्टरमुळे आधी जुलाब होतात. जीबीएसची लक्षणं त्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. म्हणजे रुग्ण हॉस्पिटलमध्ये आला त्या दिवशी तुम्ही त्याच्या नळाचं पाणी बाटलीत भरलंत, तर ते पाणी त्याने प्यायलेलं पाणी नाहीच! ते पाणी केव्हाच वाहून गेलं. दरम्यान टाकी भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली, आणि बोंबाबोंब झाल्यावर कुणीतरी भरपूर क्लोरीनही टाकलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तीन आठवड्यांपूर्वी पडला, आणि आपण आजचे लॉग उघडून म्हणतोय, ‘सगळं ग्रीन आहे की!’

म्हणून साथ आल्यावरची तपासणी गरजेची असली तरी खरं संरक्षण साथ नसताना होणाऱ्या कंटाळवाण्या, नेहमीच्या तपासणीत असतं. आणि ती तपासणी कशी होते हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

लॅब शोधते तरी काय?

पहिला गैरसमज असा की लॅब पाण्यातला प्रत्येक जंतू शोधते. तसं नाही. पाण्यातून पसरणारे जंतू ढीगभर आहेत. प्रत्येकासाठी वेगळी टेस्ट लावायची तर पैसा पुरणार नाही आणि वेळही. म्हणून लॅब एक खूण शोधते. ती खूण म्हणजे ई. कोलाय.

ई. कोलाय माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात मुबलक असतो. त्याच्या बहुतेक जाती तशा निरुपद्रवी. पण तो पाण्यात सापडला, तर त्याचा सरळ अर्थ असा की विष्ठा कुठूनतरी पाण्यात मिसळलीय. आणि विष्ठा मिसळली असेल, तर तिच्यासोबत कॉलरा, टायफॉइड, कावीळ काहीही येऊ शकतं. धूर दिसला की आग शोधायची, तसं.

भारतीय मानक आहे आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात नियम अगदी साधा आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये. एकही नाही. इथे ‘थोडासा चालेल’ हा प्रकार नाही.

तपासण्याची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत म्हणजे एमपीएन. मराठीत म्हणू, ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’. पंधरा टेस्ट ट्यूब घ्यायच्या, त्यात जंतूंचं खाद्य असलेलं द्रावण. पाच ट्यूबमध्ये १० मिलिलिटर पाणी, पाचमध्ये १ मिलिलिटर, पाचमध्ये ०.१ मिलिलिटर. प्रत्येक ट्यूबमध्ये एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. जंतू वाढले की वायू तयार होतो आणि त्या नळीत बुडबुडा अडकतो. किती ट्यूबमध्ये बुडबुडा आला ते मोजायचं, तक्त्यात बघायचं, आकडा मिळतो. पंधराच्या पंधरा ट्यूब पॉझिटिव्ह आल्या तर रिपोर्टवर लिहितात ‘१६०० पेक्षा जास्त’. एकही नाही आली, तर ‘२ पेक्षा कमी’. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘२ पेक्षा कमी’ दिसलं तर घाबरू नका. या पद्धतीत त्याचा अर्थ काही सापडलं नाही असाच.

आणि रिपोर्टला वेळ का लागतो? ट्यूब ३७ अंशांच्या आसपास २४ ते ४८ तास ठेवाव्या लागतात. जे पॉझिटिव्ह आलं ते पुन्हा ४४.५ अंशांवर ठेवून खात्री करायची, कारण एवढ्या उष्णतेत साधारणपणे विष्ठेतून आलेलेच कोलिफॉर्म तग धरतात. म्हणजे तीन-चार दिवस गेले. फोन करून ‘अहो, रिपोर्ट कधी देताय?’ म्हणून त्या लॅबवाल्या ताईंवर चिडण्यात अर्थ नाही. जंतूंना कुणी घाई करायला सांगू शकत नाही.

बाटली भरण्याची पद्धत

आता आजच्या भागाचा गाभा. लॅब कितीही भारी असू दे, ती फक्त तुमच्या बाटलीतलं पाणी तपासते. बाटली चुकली की रिपोर्ट चुकला. आणि बाटली भरण्याचं काम लॅबमधले तज्ज्ञ क्वचितच करतात. ते करतो सोसायटीचा वॉचमन, प्लंबर किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. म्हणून पद्धत आपल्याला माहीत हवी.

एक. बाटली लॅबमधूनच आणायची. निर्जंतुक केलेली. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुऊन चालत नाही.

दोन. त्या बाटलीत तळाशी थोडं काहीतरी टाकलेलं असतं. ते सोडियम थायोसल्फेट. बरेच जण बाटली विसळून ते ओतून देतात. अजिबात विसळायची नाही! का? कारण पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही जंतू मारत राहतं. तुम्ही पाणी भरलंत सकाळी ९ ला आणि लॅबमध्ये पोचलं दुपारी २ ला, तर पाच तास क्लोरीनला फुकटचे मिळाले. थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं. म्हणजे नळातून पाणी पडलं त्या क्षणी जे होतं, तेच लॅबला दिसतं. एकदम स्नॅपशॉट! रासायनिक तपासणीची बाटली वेगळी असते. ती मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायची. दोन बाटल्या, दोन उलटे नियम. इथे हमखास गोंधळ होतो.

तीन. नळाची जाळी काढायची. नळाचं तोंड पुसून स्पिरिटने स्वच्छ करायचं. लोखंडी किंवा पितळी नळ असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने शेकतात. मग दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं.

चार. झाकण हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही, आत बोट लावायचं नाही. बाटली गच्च भरायची नाही. वर बोटभर जागा सोडायची, लॅबमध्ये ती हलवावी लागते.

पाच. बाटलीवर लिहायचं: ठिकाण, नळ कुठला, तारीख, वेळ. मग बर्फाच्या डब्यात ठेवून निघायचं. सहा तासांच्या आत पोचली तर उत्तम, आणि काही झालं तरी २४ तासांच्या पुढे नाही. बाटली दुपारभर स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिली, तर त्या रिपोर्टचा उपयोग शून्य.

आणि एक गोष्ट जागेवरच तपासायची, ती म्हणजे शिल्लक क्लोरीन. ते लॅबपर्यंत टिकत नाही. नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक हवं. गावाकडे याला ओटी टेस्ट म्हणतात, थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. हल्ली डीपीडीचं किट मिळतं, त्यात गुलाबी होतं. रंगच आला नाही, तर तुमचं पाणी वाटेत उघडं पडलंय असं समजा. पुढे पाइप फुटला, गटाराचं पाणी आत शिरलं, तर त्याला अडवणारं कुणी नाही.

बग कुठे आहे?

समजा रिपोर्ट वाईट आला. सोसायटीत लगेच भांडण: महापालिकेचं पाणी खराब! महापालिका म्हणणार, तुमची टाकी खराब! टँकरवाला म्हणणार, माझं तर एक नंबर!

इथे आपल्या धंद्यातली युक्ती वापरायची. कोड कुठे बिघडला ते शोधताना आपण मधोमध तोडून बघतो ना? तसंच. एकाच दिवशी, एकाच तासात चार बाटल्या भरायच्या. पहिली, महापालिकेची लाइन सोसायटीत शिरते तिथे, किंवा टँकरच्या पाइपातून. दुसरी, जमिनीखालच्या टाकीतून. तिसरी, गच्चीवरच्या टाकीतून. चौथी, सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून. पहिली चांगली आणि दुसरी वाईट, तर दोष खालच्या टाकीत. बहुतेक वेळा शेजारून ड्रेनेजची लाइन गेलेली असते आणि टाकीला चीर असते. पहिलीच वाईट असेल तर रिपोर्ट घेऊन सरळ वॉर्ड ऑफिसला जायचं. तोंडी तक्रार आणि चार तारखांसह चार आकडे, यात फार फरक पडतो.

म्हणून पीडीएफवर ‘सॅम्पल पॉइंट’ हा रकाना आधी बघा. तिथे नुसतं सोसायटीचं नाव असेल, तर तो रिपोर्ट अर्धाच आहे.

टेस्टला जे दिसत नाही

आता समजा सगळं नीट केलं. बाटली बरोबर, जागा बरोबर, ई. कोलाय नाही. तरी शंभर टक्के निर्धास्त व्हायचं का? याचं उत्तर आपल्याच देशाने फार महाग किंमत देऊन शिकलंय.

दिल्ली, १९५५ चा शेवट. यमुनेला पूर येऊन गेला होता आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादच्या पाणीउपशाच्या जागेपर्यंत पोचलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना धोका कळला. त्यांनी तुरटी आणि क्लोरीनचं प्रमाण वाढवलं. आणि ते कामी आलं! दिल्लीत टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. जीवाणू मेले होते. पण काही आठवड्यांत कावीळ उसळली. सुमारे २९,००० लोकांना. तेव्हा वाटलं ही नेहमीची कावीळ. पुढे जवळपास पंचवीस वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं, की हा हेपटायटिस ए नव्हेच. आज त्याला आपण हेपटायटिस ई म्हणतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, क्लोरीनपुढे ई. कोलाय पटकन मरतो, पण काही विषाणू आणि परजीवी जास्त चिवट असतात. म्हणजे खूण पुसली गेली तरी धोका शिल्लक राहू शकतो. म्हणून रिपोर्टमध्ये गढूळपणाचा आकडाही बघायचा. मानकात तो १ एनटीयू सांगितलाय, दुसरा पर्यायच नसेल तर ५ पर्यंत. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट, कुणीतरी ते नमुने पंचवीस वर्षं फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवले, म्हणून उत्तर मिळालं. बॅकअपचं महत्त्व आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

गावाकडे काय चालतं

तुमच्यापैकी बरेच जण गावाकडून ऐकता, म्हणून थोडं तिकडचं. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून कार्ड दिलं जातं. लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. सलग पाच वर्षं हिरवं असेल आणि साथ आली नसेल तर चंदेरी. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं, टीसीएल पावडर. लॅब पाण्याबरोबर ही पावडरही तपासते, हे माहीत होतं? ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. पण पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं, की क्लोरीन उडून जातं आणि हातात उरतो जवळपास नुसता चुना. जलसुरक्षक इमानदारीने रोज विहिरीत टाकतोय, वहीत नोंदही करतोय, आणि पाणी मात्र तसंच. दोष त्या माणसाचा नाही, पोत्याचा आहे. हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, लॅबमध्येच कळतं.

आणि कामाची माहिती: २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशननंतर या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा सामान्य माणसासाठी खुल्या झाल्यात. थोडीशी फी भरून तुम्ही स्वतःच्या विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून घेऊ शकता. महाराष्ट्रात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. गावातल्या महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षणही दिलं जातं. त्यातली एचटूएसची छोटी बाटली तर अगदी सोपी: पाणी भरा, एक-दोन दिवस ठेवा, काळं पडलं तर पाणी दूषित. तुमची आई, काकू, वहिनी हे काम करत असेल, तर तिला आज एक फोन करा. ती गावाची मॉनिटरिंग सिस्टीम आहे.

ऐकणाऱ्यांचे प्रश्न

एका मित्राने विचारलंय, ‘घरी टीडीएस मीटर आहे, १५० दाखवतो, मग टेस्ट कशाला?’ टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, बस्स. मानकात ५०० पर्यंत चांगलं. पण मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचा थेंब पडलेलं पाणीही १५० दाखवू शकतं.

एका मैत्रिणीचा प्रश्न: ‘वीस रुपयांचा आरओचा जार सुरक्षित ना?’ आरओच्या प्रक्रियेत क्लोरीनही निघून जातं. म्हणजे पाणी गाळलं जातं त्या क्षणी स्वच्छ असेलही, पण पुढे जार अस्वच्छ असेल, नळी घाणेरडी असेल, तर जंतूंना रान मोकळं. विक्रेत्याला तपासणीचा रिपोर्ट मागा, आणि तारीख बघा.

तिसरा प्रश्न: ‘रिपोर्ट खराब आला तर आज रात्री काय प्यायचं?’ पाणी खळखळून उकळवा. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, मग झाकून गार करा. एवढ्याने जीवाणू, विषाणू, परजीवी सगळे मरतात. टाकी रिकामी करून घासून घ्या, क्लोरीन टाका, आणि पुन्हा सॅम्पल द्या. दुसरा रिपोर्ट चांगला येईपर्यंत उकळणं बंद नाही. फिक्स केलंय म्हणून तिकीट बंद करायचं नसतं, टेस्ट पास झाली की करायचं.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर ‘वॉटर रिपोर्ट ओके’ आला, की अंगठा द्यायच्या आधी चार प्रश्न टाका. पाणी कुठल्या नळाचं? कुठल्या तारखेचं, किती वाजताचं? जागेवर क्लोरीन किती होतं? आणि ई. कोलाय तपासलाय, की नुसतं टीडीएस आणि पीएच? सेक्रेटरी काका थोडे वैतागतील. वैतागू देत. आधीच्या रिपोर्टमध्ये उत्तरं नसतील, तर पुढच्या वेळी बाटली भरायला तुम्हीच जा. रविवारची सकाळ सोडून दुसरा दिवस निवडा फक्त, लॅब बंद असते!

तुमच्या भागातल्या लॅबचा अनुभव कसा आहे, रिपोर्ट किती दिवसांत मिळाला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ते ऐकू. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला विसरू नका. भेटूच!